डोळे ज्याच्यामागे जातात

१

मालाकीच्या डोळ्यांतली घाण रोज सकाळी मीच काढायचे. पिवळी, चिकट, पापण्यांच्या मुळाशी साचलेली. रात्रभरात ती वाळून कडक व्हायची आणि कोमट पाण्याचं फडकं दाबून धरल्याशिवाय सुटायची नाही. मी जन्मभर मासे साफ केलेत. आतडी ओढलीत, कल्ले उपटलेत, माशाच्या डोक्यात बोट घालून आतलं सगळं बाहेर काढलंय. मला किळस सहजासहजी येत नाही. पण नवऱ्याच्या डोळ्यांतून निघालेली ती तार बोटाला चिकटली की मी हात साबणाने धुवायचे, मग वाळूने घासायचे, आणि तरी जेवताना त्या बोटांनी घास उचलवायचा नाही.

मालाकी झटका येऊन पडला तो तारोच्या कंदांच्या मळ्यात. हातात कुदळ होती, ती तशीच हातात. शुद्धीवर आला तेव्हा हातपाय चालत होते, जीभ चालत होती, फक्त दिसत नव्हतं. आणि दिसत नाही हे त्याला पटत नव्हतं.

"तुझं पातळ निळं आहे," तो मला म्हणायचा. मी लाल नेसलेली असायचे.

आपिया शहरातल्या दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर होती, तालिता नावाची. पलीकडच्या गावची पोर, न्यूझीलंडला शिकून आलेली. ती म्हणाली, "मावशी, डोळे चांगले आहेत. डोळ्यांपासून निघालेल्या नसाही चांगल्या. पण चित्र उमटतं ते पार मागे, इथे." तिने माझ्या डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर तळहात ठेवला. "काकांचा तेवढा भाग मेलाय, दोन्ही बाजूंनी. ते खोटं बोलत नाहीत. आतून चित्रं तयार होतात, आणि त्यांना ती खरीच वाटतात. तुम्ही वाद घालू नका."

तिने त्याच्यासमोर बोट हलवलं. त्याचे डोळे कुठेतरी तिसरीकडेच. मग ते बोट तिने माझ्यासमोर धरून डावीकडून उजवीकडे नेलं. "आता बोट नाही. तशीच नजर सावकाश भिंतीवरून फिरवा. सेपोरा, तू आईच्या डोळ्यांत बघ."

सेपोरा माझी मुलगी. पोट एवढं पुढे आलेलं, तरी खिदळायची सवय गेली नव्हती. "आई गं, तुझे डोळे पिसवेसारखे उड्या मारतायत!"

"सगळ्यांचेच मारतात," तालिता म्हणाली. "पुढे काहीतरी सरकत असेल तरच डोळा त्याच्यामागे सरकतो. नसेल तर उड्याच मारतो. ढोंग करायचं म्हटलं तरी जमत नाही कुणाला."

तेव्हा मला हे सगळं फालतू वाटलं. नवरा आंधळा झालाय आणि ही पोरगी खेळ दाखवतेय.

२

आमच्या घराला भिंती नाहीत. खांब आहेत, वर गवताचं छप्पर, आणि वारा-पाऊस आला की सोडायला माडाच्या झावळ्यांचे पडदे. रस्त्यावरून जाणाऱ्याला आमचं ताट दिसतं आणि आम्हाला जाणाऱ्याचं तोंड.

संध्याकाळी शंख वाजला की गावात कुणी चालायचं नाही. घराघरात प्रार्थना चालते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गावातली तरणी मुलं काठ्या घेऊन बसतात. कोंबडी रस्ता ओलांडायला लागली तरी तिला हाकलतात. असल्या वेळी, मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत असताना, मालाकी मध्येच बोलला.

"रस्त्यावर कोण आहे?"

मी त्याला चिमटा काढला.

आमेन झालं, ताट आलं. नारळाच्या रसातला मासा होता. माशाचं डोकं घरच्या कर्त्याचं, ते मी त्याच्या हातात दिलं. तो ते हातात धरून बसला.

"अजून उभाच आहे," तो म्हणाला. "नीरफणसाखाली. आपल्या ताटाकडे बघतोय. फुआतिनो, हाक मार की. लाज आहे की नाही काही?"

मला ठाऊक होतं तो आंधळा आहे. नीरफणसाखाली कुणी नाही हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. पण आमच्यात जेवताना घरासमोर माणूस असला आणि त्याला हाक मारली नाही, असं कधी होत नाही. माझ्या आईने शिव्या देता देता वैऱ्यांना हाका मारल्यात. वाद घालू नका म्हणून डॉक्टरनेही सांगितलं होतं. मी तोंड बाहेर केलं आणि ओरडले, "या हो, या जेवायला!"

ही हाक आत येण्यासाठी नसते. समोरच्याने म्हणायचं, "जेवा तुम्ही, आमचं झालंय," आणि पुढे जायचं. असं ठरलेलंच आहे. लहान पोरांनाही ते कळतं.

उत्तर आलं नाही.

मालाकीने पाय आत ओढून घेतले आणि त्यांच्यावर चटईचं टोक टाकलं. पाहुणा समोर बसला की आम्ही असे पाय झाकतो.

"बसा," तो समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला.

सेपोरा माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. रस्त्यावरचं कुत्रं मात्र पोट जमिनीला घासत लांब गेलं. कुठल्या तरी पोराने दगड मारला असेल.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तारो सोलत होते. मालाकी खांबाला टेकून बसला होता. त्याच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं आणि सुरी हातात तशीच राहिली.

ते सरकत होते.

पडल्यापासून त्याचे डोळे भरकटायचे, उड्या मारायचे, वर जाऊन अडकायचे. ते बघायची मला सवय झाली होती. हे तसं नव्हतं. दोन्ही डोळे एकत्र, न अडखळता, पाण्याच्या पिंपापासून मधल्या खांबापर्यंत आले. ओल्या फरशीवरून गोगलगाय यावी तसे. खांबापाशी थांबले. मग पुन्हा निघाले, चुलीकडे.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. मेलेला भाग जिवंत झाला, माझ्या नवऱ्याला दिसायला लागलं. मी उठून त्याच्यासमोर गेले, सुरी नाचवली, बोट नाचवलं. "मालाकी, हे बघ! इकडे बघ!"

डोळे माझ्या हातावर आले नाहीत. माझ्या कानाशेजारून पलीकडे बघत राहिले.

"बाजूला हो ना जरा," तो म्हणाला. "मध्ये उभी राहतेस ते बरं दिसत नाही."

मी मागे वळले. चूल होती. राख होती. राखेवर माशा होत्या. माशांच्याच मागे नजर जात असेल, असं मी मनाला सांगितलं. आवाज ऐकून आंधळी माणसं डोळे फिरवतात, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. मी परत तारो सोलायला बसले.

मग सेपोरा पाण्याची बादली घेऊन आली. आमच्यात बसलेल्या माणसासमोरून जाताना कंबरेत वाकून "माफ करा" म्हणायचं असतं. पोर बादली घेऊन मधल्या खांबापाशी आली, पोटासकट वाकली, "माफ करा" म्हणाली आणि पुढे गेली.

मालाकी तिथे नव्हता. तो दुसऱ्या खांबाशी होता. तिच्या वाटेत कुणीच नव्हतं.

"कुणाला म्हणालीस गं?"

"काय म्हणाले?"

"माफ करा म्हणालीस. वाकलीस."

"मी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "काहीतरीच. ह्या पोटाने मला खाली पडलेला चमचा उचलता येत नाही, आणि वाकतेय म्हणे."

४

माशाचा डोळा शिजला की आत एक पांढरी गोळी होते. वाटाण्याएवढी, खडूसारखी कडक. डोळा चोखायचा, चरबी गिळायची आणि ती गोळी थुंकून टाकायची. मालाकीला त्याची भारी आवड. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाद्र्यासमोर बसून त्याने मिटक्या मारत डोळे चोखले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता तो एकच डोळा चोखायला लागला. दुसरा बोटाने उकरून काढायचा आणि समोर, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचा. पान मधल्या खांबाच्या दिशेने सरकवायचा.

"अन्न टाकतोस?" मी म्हणाले.

"टाकतो कुठे? हाक तूच मारलीस. मग त्याने खायचं काय, माझं कपाळ?"

जेवण झाल्यावर ताटं उचलायला गेले तर पान रिकामं. कोंबड्या आत येतात, मांजर येतं, मुंग्या तर नेहमीच्याच.  दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

एकदा सकाळी मी मधल्या खांबाजवळची चटई झाडायला उचलली. खाली पांढऱ्या गोळ्या होत्या. एका ठिकाणी, लहान ढीग करून ठेवलेल्या. कोंबडी डोळा गिळते तेव्हा अख्खा गिळते. मांजर काही थुंकून ढीग करत नाही. मी एक उचलली. ती ओली होती. नुसती ओली नव्हे, लाळेने बुळबुळीत होती, आणि कोमट. पोराच्या तोंडातून काढलेल्या गोळीसारखी कोमट.

मी अंगणात जाऊन ओकले. सकाळचा कोको सगळा नाकातून आला. ओकता ओकता माझ्या मनात एकच गोष्ट होती, की ही चटई मी सेपोराच्या बाळासाठी विणलीय. बाळ दवाखान्यातून येणार ते ह्याच घरात, ह्याच जागी, वारा लागावा म्हणून मधल्या खांबाजवळ निजणार. सेपोराचा नवरा न्यूझीलंडात सफरचंदं तोडतोय. दुसरं घर तिला नाही.

मी गोळ्या चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या, आणि वास माशाचा आला नाही.

त्या दिवसापासून मी माशाचं डोकं डोळे काढूनच शिजवायला लागले. मालाकीने पहिला घास घेतला, डोक्यातल्या दोन भोकांत बोट घातलं आणि घाबरून हात मागे घेतला.

"असं करू नकोस, फुआतिनो," तो म्हणाला. "उपाशी ठेवू नकोस त्याला. तो आता सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागलाय."

५

सेपोराला तपासायला आपियाला नेलं तेव्हा मी तालिताला गाठलं. गोळ्यांचं बोलले नाही. बोलले असते तर तिने माझंच डोकं तपासलं असतं. डोळे सरकतात एवढंच सांगितलं.

तिला आनंद झाला. हातातला चहा ठेवून मला कागदावर काढून दाखवायला लागली. "मावशी, डोळ्यांपासून दोन वाटा निघतात. एक वर जाते, चित्र दाखवणारी. काकांची ती बंद आहे. दुसरी जुनी आहे, खाली जाते, मेंदूच्या देठात. ती चित्र दाखवत नाही. नुसती मान फिरवते, डोळा वळवते. पालीला तेवढीच असते आणि तेवढ्यावर तिला माशी पकडता येते. काही आंधळ्या माणसांचे डोळे ह्या वाटेने वळतात. माणसाला दिसत नाही, डोळ्यांना कळतं."

"पण माझ्या बोटामागे नाही वळत."

"हो, ते विचित्र आहे."

"आणि काहीतरी असायला लागतं ना? वळायला?"

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "असं सरकायला तर असायलाच लागतं."

"ही जुनी वाट फक्त आंधळ्यांना असते?"

"छे! सगळ्यांना असते. तुम्हाला, मला, सेपोराला. पण आपल्याकडे वरचीच एवढा आरडाओरडा करते की खालची काय म्हणते ते ऐकूच येत नाही." ती हसली. सेपोराकडे बघून म्हणाली, "तुझं बाळ बघ, त्याची आधी खालचीच वाट चालेल. तान्ह्या बाळाचे डोळे उड्याच मारतात हं, घाबरू नकोस. बोटामागे नीट सरकायला एक-दोन महिने जातात."

सेपोरा म्हणाली, "म्हणजे माझं बाळ पाल."

दोघी हसल्या.  मला मात्र घरी मधल्या खांबापाशी ती कशी वाकली होती ते आठवत होतं.

६

मालाकीची बहीण ओकेतोपा आपियाला राहते. सिमेंटचं घर, चार भिंती, दाराला कडी. ती पहिल्या दिवसापासून भावाला न्यायला टपली होती, आणि मी तिला पहिल्या दिवसापासून हाकलत होते. नवऱ्याला नणंदेच्या दारात टाकून देणारी बाई म्हणून मला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

आता तीच आली आणि मालाकीचे डोळे बघून मागे सरली. "शी! वहिनी, हे काय केलंयस माझ्या भावाचं? रोज पुसत नाहीस?"

"रोज पुसते. तुझा भाऊ पापणी मिटत नाही. सुकतात, पिकतात, आणि मग येते ती घाण. तू पूस ना, एवढा पुळका असेल तर."

खरंच तो मिटायचा नाही. जागाच बसायचा, उजेड असो नसो. डोळ्यांच्या कडा सोललेल्या केळ्यासारख्या गळायला लागल्या होत्या. मी जबरदस्तीने तळहात ठेवून त्याच्या पापण्या मिटवल्या की तो माझा हात ओरबाडायचा.

"मी बघत असलो की बसून असतो तो," मालाकी म्हणाला. "फडकं लावतेस ना सकाळी, तेवढ्यात हलतो. आज फडकं काढलंस तेव्हा सेपोराजवळ होता. तिच्या पोटाला तोंड लावून."

सेपोरा उठून बाहेर गेली. तिचं ते खिदळणं कधी बंद झालं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ओकेतोपाने मला कोपऱ्यात ओढलं. "ऐकलंस? तान्हं बाळ येणार आणि हा येडा इथे असलं बडबडत बसणार? तुझी अब्रू सांभाळत बस तू. पोर आज ना उद्या पळून जाईल घरातून."

मी विचार केला. जे काही आहे ते मालाकीलाच दिसतं, तो त्याच्याशी बोलतो, ते त्याच्या हातचं खातं. म्हणजे ते त्याचं आहे. जिथे तो जाईल तिथे जाईल. चार भिंतींच्या घरात, कडी लावून. मी हे मोठ्याने बोलले नाही, पण माझ्या मनात सगळं स्पष्ट होतं. नवरा की नातवंड, एवढाच प्रश्न होता, आणि मी नातवंड निवडलं.

गाडीत बसवताना त्याने माझं मनगट धरलं. दोन्ही डोळे घराकडे, मधल्या खांबाकडे, ताणून ठेवलेले. गाडी सुरू झाली तशी मान वळत गेली. डोळे घरावरून हलेनात.

"फुआतिनो, वेडी आहेस तू," तो म्हणाला. "मग बघणार कोण?"

मी त्याला वाटेत खायला भाजलेला नीरफणस दिला आणि दार लावलं.

घर झाडलं. चटया उन्हात टाकल्या. मधला खांब चुन्याने घासला. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

७

बाळ आलं. मुलगी. तांबडी, सुरकुतलेली, डोकं तेलाने चपचपीत, आणि भूक तर अशी की सेपोराच्या डोळ्यांत पाणी काढायची. गाव भेटायला आलं. कुणी कोंबडी आणली, कुणी कपडे. ओकेतोपाचाही फोन आला.

"मालाकी कसा आहे?" मी विचारलं.

"अगं, सोन्यासारखा! आला त्या दिवशी झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. डोळे स्वच्छ. पापण्या मिटून बाळासारखा निजतो. तुझ्याकडे काय खुपत होतं त्याला कोण जाणे."

"आणि तो... पाहुणा? त्याच्याबद्दल काही बोलतो?"

"विचारलं मी. म्हणाला, इथे कुणी नाही."

मी फोन ठेवला.  सेपोरा चटईवर बसून बाळाला पाजत होती. उन्हं तिरपी आली होती, खांबांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. बाळाने दूध सोडलं. तोंडातून दुधाची तार लोंबली. डोळे उघडले.

तान्ह्याचे डोळे उड्या मारतात. मी चार पोरं वाढवलीत, मला ते तालिताने सांगायला नको.

माझ्या नातीचे डोळे पाण्याच्या पिंपापाशी गेले आणि तिथून सरकायला लागले. सावकाश. न अडखळता. दोन्ही एकत्र. मधल्या खांबापर्यंत आले, खांबावरून पुढे आले, माझ्या दिशेने आले. माझ्यावर थांबले नाहीत. माझ्या खांद्यावर थांबले.

मी गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाशी तोंड नेलं. तिच्या डोळ्यातल्या काळ्या बुबुळात आमचं घर होतं, भाताच्या दाण्याएवढं. खांब होते, बाहेरचा उजेड होता, माझं डोकं होतं. माझ्या डोक्याला चिकटून आणखी एक होतं. त्याला तोंड होतं. घास घ्यायला उघडावं तसं ते उघडलेलं होतं, आणि उघडतच चाललं होतं.

बाळाने पापणी मिटली.

"आई," सेपोरा म्हणाली, "माझ्या अंगावर कशाला श्वास सोडतेस? वास येतोय."

मी श्वास धरून ठेवला होता.

८

सेपोराला मी सगळं सांगितलं. तिने नवऱ्याला फोन केला. तो पैसे पाठवणार, तिला तिकडे न्यायची सोय बघणार, तोवर इथेच राहणं आलं. ओकेतोपाला मी म्हणाले, मालाकीला परत पाठव. मी, जिने कधी कुणापुढे हात पसरला नाही, तिने रडून मागितलं. ती म्हणाली, बऱ्या झालेल्या माणसाला परत त्या घरात पाठवायला ती वेडी नाही. आणि मालाकीनेही फोन घेतला नाही.

पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेले. जाताना मधल्या खांबासमोर कंबरेत वाकले. 

पाहुण्याला बोलवायचे शंभर शब्द आहेत आमच्याकडे. जा म्हणायला एकही नाही. मी तरी म्हटलं. आईच्या तोंडच्या जेवढ्या घाण घाण शिव्या आठवल्या तेवढ्या खांबाला दिल्या. शेजारच्या बायका पडदे सोडून ऐकत होत्या.

मग मी बसले. मालाकी बसायचा तिथे, पाय झाकून. बाळाचे डोळे कुठे थांबतात ते बघायचं आणि त्या जागेवर नजर रोवायची. मला तिथे काही दिसत नाही. चटई दिसते, खांब दिसतो, उन्हाची पट्टी दिसते. पण बघत राहिलं की बाळ शांत दूध पितं. माझी पापणी मिटली की ते दचकतं. रोज संध्याकाळी मी माशाचे दोन्ही डोळे उकरून पानावर ठेवते. बोटं बरबटतात. सकाळी चटईखालच्या गोळ्या गोळा करते. त्या आता नेहमी कोमट असतात.

आणि आता मला बाळाकडे बघावं लागत नाही. खालची वाट म्हणाली होती ना तालिता, ती. मी ठरवत नाही, माझे डोळे आपोआप निघतात. वरच्या वाटेने मला रिकामं घर दिसतंय, आणि आत माझे डोळे घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात, कुणाच्या तरी चालीने. स्वतःच्या कवटीत गोगलगाय चालल्यासारखं वाटतं. ओकारी येते. गिळते आणि बघत राहते.

आज सकाळी सेपोरा कोमट पाण्याचं भांडं घेऊन माझ्याजवळ बसली. तिने नाक दुसरीकडे वळवलं होतं.

"आई, पापण्या चिकटल्यात तुझ्या. पू आहे. थांब, हलू नकोस."

"लवकर कर. बाळ कुठे आहे?"

"चटईवर. झोपलंय."

"एक एक डोळा पूस. दोन्ही झाकू नकोस."

"हो गं बाई, ठाऊक आहे. किती वेळा सांगशील?"

पण घाण फार होती, आणि एका डोळ्यावरचं फडकं ओघळून दुसऱ्यावर आलं. क्षणभरच. गरम, ओला, पिवळा अंधार. मी तिचा हात झटकला.

माझे डोळे मधल्या खांबाकडे गेले. तिथे थांबले नाहीत. तिथून खाली आले, चटईच्या कडेवर आले, आणि सावकाश, न अडखळता, बाळाच्या पायांवरून पोटावर, पोटावरून तोंडावर सरकले.

बाळाच्या मिटलेल्या पापण्यांवर येऊन थांबले.